वाहून गेलेली माणसं बेटं वसवत नाहीत

4 जून 1976. ताहितीच्या पापीते बंदरावर 17 हजारांहून जास्त माणसं जमली होती. सगळे एका नावेची वाट बघत होते. दोन लांबट होड्या शेजारी-शेजारी बांधलेल्या, मध्ये फळ्यांचा माच, वर खेकड्याच्या नांगीसारखी दिसणारी दोन शिडं. नाव होतं होकुलेआ. हवाई बेटांतल्या माउईहून 1 मे रोजी निघालेली ही नाव चार हजार किलोमीटरचा मोकळा समुद्र कापून आली होती, आणि वाटाड्याजवळ ना होकायंत्र होतं, ना नकाशा, ना घड्याळ. नाव किनाऱ्याला लागताच पोरंटोरं तिच्यावर अशी चढली की तिची मागची बाजू पाण्यात बसली.

एका नावेसाठी एवढी गर्दी का झाली असेल? प्रशांत महासागरातल्या या लोकांना दोनशे वर्षं एकच गोष्ट ऐकवली जात होती: तुमचे पूर्वज या बेटांवर पोहोचले ते चुकून. वादळात सापडले, वाहत आले, नशिबाने जमीन लागली. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांसमोर ते ‘चुकून’ खोटं ठरलं.

प्राचीन काळी माणसं समुद्रापार कशी गेली, कोण कोणाला आधी भेटलं, हा विषय निघाला की आपल्याकडेही लगेच आवाज चढतात. मला त्या वादात एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. समुद्र ओलांडणं ही विद्या आहे आणि तिचं श्रेय ज्यांनी ती कमावली त्यांचंच आहे. ‘ते वाहत गेले’ असं म्हणून ते काढून घेता येत नाही, आणि ‘त्यांना दुसऱ्या कोणी शिकवलं’ असं म्हणूनही नाही. मग तो दुसरा युरोपातला असो की आपल्यातला.

आधी त्या प्रदेशाचा आवाका पाहू. उत्तरेला हवाई, नैर्ऋत्येला न्यूझीलंड, आग्नेयेला रापा नुई, म्हणजे ज्याला युरोपियांनी ईस्टर आयलंड म्हटलं ते. या तीन टोकांच्या त्रिकोणाला पॉलिनेशिया म्हणतात. त्यात पाणीच पाणी, आणि मध्ये मोहरीचे दाणे फेकावेत तशी बेटं. रापा नुईपासून जवळचं वस्तीचं बेट सुमारे दोन हजार किलोमीटरवर. तरीही या सगळ्या त्रिकोणात एकाच कुळातल्या भाषा बोलल्या जातात. या लोकांचे पूर्वज इसवी सनापूर्वी आठव्या-नवव्या शतकापर्यंत टोंगा आणि सामोआला पोहोचले होते. लापिता नावाने ओळखली जाणारी त्यांची नक्षीदार मडकी या वाटेवर जागोजाग सापडतात. मग दीड हजार वर्षांहून मोठा खंड पडला. आणि मग इसवी सन 1000 ते 1300 या तीनशे वर्षांत उरलेला सगळा त्रिकोण वसला. मुसलमानी फौजा देवगिरीला पोहोचत होत्या, ज्ञानेश्वरी लिहून नुकती होत होती, त्या सुमारास ही माणसं न्यूझीलंडच्या किनाऱ्याला नावा लावत होती. माणसाने वसवलेली ही जवळजवळ शेवटची मोठी भूमी.

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकला हे कोडं पडलं होतं. इतक्या दूरदूरच्या बेटांवर एकच लोक कसे, असं त्याने लिहून ठेवलं. खरं तर त्याच्या जहाजावरच उत्तर होतं. 1769 साली ताहितीहून त्याने तुपाया नावाच्या जाणकाराला बरोबर घेतलं. तुपाया रायातेया बेटाचा. त्याच्या सांगण्यावरून जो नकाशा तयार झाला त्यात 74 बेटं होती. जहाज कितीही वळणं घेत गेलं तरी ताहिती कोणत्या दिशेला आहे हे तो बोट दाखवून सांगे. न्यूझीलंडला पोहोचल्यावर तिथल्या माओरींशी तो आपल्या भाषेत बोलला आणि त्यांना ते कळलं. 1770च्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तो आजारपणात गेला. त्याचा नकाशा राहिला, पण त्या नकाशावर बेटं ज्या रीतीने मांडली होती ती रीत युरोपियांना उमगली नाही. न उमगलेली विद्या नसलेली विद्या ठरली.

पुढे 1956मध्ये न्यूझीलंडचे इतिहासकार अँड्र्यू शार्प यांनी हीच समजूत पांडित्याने मांडली. दूरची बेटं ठरवून गाठणं या लोकांच्या आवाक्याबाहेरचं होतं, ते भरकटत पोहोचले, असं त्यांचं म्हणणं. ते फेटाळण्याआधी नीट तपासायला हवं, कारण माणसं भरकटतात हे खरंच आहे. जपानच्या किनाऱ्यावरून निघालेलं एक मालवाहू गलबत वादळात डोलकाठी गमावून चौदा महिने वाहत राहिलं आणि 1834 साली उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं. त्यावर तीन खलाशी जिवंत होते. तिघेही पुरुष. तिथे त्यांनी काही वसवलं नाही, वसवणं शक्यच नव्हतं.

वस्ती करायला काय लागतं? पॉलिनेशियाच्या बेटांवर अळू आहे, केळी आहे, कोनफळाच्या जातीचे कंद आहेत, नारळ आहे, नीरफणस आहे. डुकरं, कुत्री, कोंबड्या आहेत. यातलं बहुतेक काही स्वतःहून तिथे पोहोचत नाही. नीरफणसाची रोपं खाऱ्या पाण्यापासून जपत आठवडेच्या आठवडे न्यावी लागतात. मासे मारायला गेलेल्या आणि वाऱ्याने भलतीकडे नेलेल्या होडीत बायका नसतात, रोपं नसतात, गाभण डुकरीण नसते. हे सगळं ज्या होडीत आहे ती होडी घर मांडायला निघाली आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. त्या समुद्रात वर्षाचा बराचसा काळ वारा पूर्वेकडून वाहतो, आणि वस्ती पसरली ती पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे वाऱ्याच्या तोंडात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता. पण कोणत्याही जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचारा, तो सांगेल की यात शहाणपण आहे. वाऱ्याच्या विरुद्ध जाऊन जमीन शोधा. सापडली नाही तर वळा, तोच वारा तुम्हाला घरी आणून सोडेल. उलट वाऱ्याबरोबर सुखाने दूर गेलेला माणूस परत येत नाही. पश्चिमेचा वारा अधूनमधून काही दिवस सुटतो, त्याची वाट बघत थांबायचं आणि सुटला की निघायचं. यात परतीचा विचार आधी केलेला आहे. 1973मध्ये संशोधकांनी संगणकावर एक लाखाहून जास्त काल्पनिक होड्या वारा-प्रवाहांच्या नोंदींनुसार नुसत्या वाहू दिल्या. हवाई आणि न्यूझीलंड अशा वाहण्यातून वसली असण्याची शक्यता त्यात जवळजवळ उरली नाही.

आणि मग माऊ पियाइलुग. होकुलेआचा वाटाड्या. तो हवाईचा नव्हताच, कारण हवाईत ही विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता. तो मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचा. हे बेट दीड चौरस किलोमीटरही भरत नाही. त्याच्या आजोबांनी त्याला अगदी लहानपणीच ओहोटीला किनाऱ्यावर साचणाऱ्या डबक्यांत बसवलं, पाण्याची हालचाल अंगाला कळावी म्हणून. अशा शिक्षणाची कल्पना करून बघा. अक्षरओळखीच्याही आधी लाटेची ओळख.

ही विद्या चालते कशी, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘ताऱ्यांवरून जात असत’ एवढ्यावर आपण सोडून देतो. कोणता तारा क्षितिजावर कुठे उगवतो आणि कुठे मावळतो हे पाठ असतं. तारा वर चढला की दिशेसाठी त्याचा उपयोग संपतो. मग त्याच जागी उगवणारा पुढचा तारा धरायचा, मग त्याच्या पुढचा. रात्रभराची ही माळ लागते. दिवसा आणि ढगाळ रात्री लाटा. दूरच्या कायमच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लांब, संथ लाटा दिवसेंदिवस एकाच दिशेने येत राहतात. दोन-तीन दिशांच्या लाटा एकमेकींतून जात असताना त्या वेगवेगळ्या ओळखायच्या, नाव कोणत्या अंगाला कशी कलते यावरून. माऊ त्यासाठी होडीच्या पोटात आडवा पडून राही. शेवटच्या टप्प्यात पक्षी. पांढरा सुरय पहाटे बेटावरून समुद्रात जातो आणि संध्याकाळी घरी परततो, म्हणून संध्याकाळचा सुरय ज्या दिशेला उडतो तिकडे जमीन. बेट किलोमीटरभराचं असलं तरी या पक्ष्यांच्या फेऱ्यामुळे ते वाटाड्यासाठी कितीतरी रुंद होतं. 1976च्या सफरीत असे सुरय दिसले, आणि मताइव्हा नावाचं ठेंगणं प्रवाळबेट समोर आलं. ताहिती तिथून पुढे.

वाहत गेल्याची कथा अशी निकालात निघाली. दुसऱ्या प्रकारची हिरावणूक जास्त लोभस आहे, कारण तिच्यात धाडस आहे. 1947 साली नॉर्वेच्या थॉर हेयरडाल यांनी बाल्सा लाकडाचा तराफा बांधून पेरूतल्या काय्याओ बंदरातून प्रस्थान ठेवलं. सहा माणसं, 101 दिवस, सुमारे सात हजार किलोमीटर. कॉन-टिकी नावाचा तो तराफा पॉलिनेशियातल्या रारोइया बेटाच्या प्रवाळकड्यावर आदळला आणि सगळे वाचले. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना सिद्ध काय करायचं होतं? पॉलिनेशियात पहिली माणसं दक्षिण अमेरिकेतून आली, आणि त्यांना संस्कृती देणारे गोऱ्या वर्णाचे, दाढीवाले लोक होते. इथे पॉलिनेशियन माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो. भाषा, मडकी, रोपं, डुकरं-कोंबड्या, पुढे जनुकं, सगळा पुरावा पश्चिमेकडे, म्हणजे आशियाकडे बोट दाखवत राहिला.

तरी अमेरिकेशी भेट झालीच होती. ती फक्त वेगळ्या कथेतली निघाली. रताळं मूळचं अमेरिकेचं. युरोपीय तिथे पोहोचण्याआधीच ते पॉलिनेशियात लावलं जात होतं. कुक बेटांतल्या मांगाइयावर कोलंबसाच्या आधीच्या थरात जळक्या रताळ्याचे अवशेष मिळाले आहेत. माओरीत त्याला ‘कुमारा’ म्हणतात, आणि अँडीजकडच्या भाषांतही याच्याशी मिळतेजुळते शब्द आहेत. रताळं माणसाच्या मदतीशिवायही समुद्र ओलांडू शकलं असतं, असं काही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात, आणि नुसत्या रताळ्यावर मी पैज लावणार नाही. पण 2020मध्ये आठशेहून जास्त लोकांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात इसवी सन 1200च्या सुमारास पॉलिनेशियन आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी यांचं रक्त एकत्र आल्याची खूण मिळाली. सर्वांत जवळचं साम्य आजच्या कोलंबियातल्या झेनू लोकांशी. 2024मध्ये रापा नुईच्या 15 जुन्या सांगाड्यांच्या अभ्यासानेही कोलंबसाच्या आधीची भेट पक्की केली.

कोण कोणाकडे गेलं? जनुकांवरून ते निर्विवाद सांगता येत नाही. माझा कौल पॉलिनेशियनांकडे आहे. ज्यांनी वाऱ्याच्या तोंडात जाऊन रापा नुईएवढा ठिपका शोधला, त्यांना पुढे उत्तर-दक्षिण पसरलेला अख्खा खंड चुकणं कठीण होतं.

आता आपल्याकडे वळतो. पाताळ म्हणजे अमेरिका, मयासुर म्हणजे मेक्सिकोचे माया, ‘नेव्हिगेशन’ हा शब्द ‘नवगती’वरून आला, असे संदेश दर आठवड्याला मोबाइलवर येतात. पाठवणारी माणसं वाईट नसतात. त्यांना आपल्या पूर्वजांचा अभिमान हवा असतो आणि तो मलाही हवा आहे. पण लॅटिनमधला ‘नाविस’ आणि संस्कृतातला ‘नौ’ ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं आहेत, एक दुसऱ्याचा बाप नाही. आणि मायांची मंदिरं मायांच्याच बापजाद्यांनी बांधली. ती आपल्या नावावर लावणं म्हणजे हेयरडाल यांनी पॉलिनेशियनांशी केलं तेच आपण मायांशी करणं. गोऱ्या दाढीवाल्याच्या जागी फक्त आपला माणूस उभा राहतो.

या उसनवारीची गरजही नाही. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. 2001 साली तिच्या अंधाऱ्या पोटात बेल्जियमच्या संशोधकांना शेकडो लेख दिसले आणि त्यातले बहुतेक ब्राह्मीत निघाले. भरुकच्छाहून, म्हणजे भडोचहून आलेले नाविक आणि व्यापारी आपापली नावं लिहून गेले होते. कोळशाने, चिखलाने, ओरखडून. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात एका भारतीय रांजणात 7.5 किलो काळी मिरी मिळाली. आपलं कल्याण, सोपारा, चेऊल ही बंदरं पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात आहेत. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्हवत्या युद्धनौकांच्या रांगा कोरल्या आहेत. हे सगळं तपासता येतं, हाताने चाचपता येतं.

पण ज्यांनी हे केलं त्यांच्याशी आपण कसे वागलो, हा प्रश्न अभिमानाच्या भाषणात कधी येत नाही. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतनाच्या कारणांत घातला. पुढे तो कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध, झाला. होकच्या गुहेतला नाविक निदान आपलं नाव लिहू शकला. नंतर लिहिणारे एका बाजूला राहिले आणि दर्यावर जाणारे दुसऱ्या. कोळी, गाबीत, खारवी, भंडारी यांच्याकडे वाऱ्या-पाण्याचं ज्ञान राहिलं, आणि ते कोणी ग्रंथात घेतलं नाही. सातावालच्या माणसाला जग अडाणी समजत होतं, हे ऐकून आपल्याला राग येतो. आपल्याच किनाऱ्यावर आपण तसंच केलं.

या ज्ञानाची किंमत काय होती ते वास्को द गामाला कळलं होतं. 1498मध्ये आफ्रिकेतल्या मालिंदीला त्याने या समुद्राचा जाणकार वाटाड्या घेतला आणि साधारण 26 दिवसांत मलबारचा किनारा गाठला. परतताना वाटाड्या नव्हता आणि वाऱ्याचं गणितही चुकलं. 5 ऑक्टोबरला कारवारसमोरच्या अंजदीव बेटाहून निघालेली जहाजं आफ्रिकेला पोहोचायला जानेवारी उजाडला. तीन महिन्यांत सुमारे तीस माणसं मेली. तोच समुद्र, तीच जहाजं. तरी आपल्या शालेय धड्यांत ‘वास्को द गामाने भारताचा सागरी मार्ग शोधला’ हे वाक्य असतं आणि त्या वाटाड्यासाठी अर्धी ओळही नसते. ते वाक्य बदला, एवढी माझी साधी मागणी आहे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मालवणकडे आणि गोव्यात होडीच्या एका अंगाला दोन वाकड्या दांड्यांनी ओंडका जोडलेला असतो, होडी उलटू नये म्हणून. आम्ही त्याला उलांडी म्हणतो. अशीच रचना श्रीलंकेत आहे, इंडोनेशियात आहे, मादागास्करला आहे आणि थेट ताहितीपर्यंत आहे. जेम्स हॉर्नेल यांनी शंभर वर्षांपूर्वी भारतीय होड्यांचा अभ्यास करून उलांडीचा संबंध पूर्वेकडच्या त्या दर्यावर्दी लोकांशी जोडला होता. त्यांच्याच भाऊबंदांनी बोर्निओकडून निघून मादागास्कर वसवलं. तिथली मलागासी भाषा आजही बोर्निओतल्या मान्यान भाषेची नातलग आहे. पूजेत मांडतो ती सुपारीसुद्धा मूळची आग्नेय आशियातली. म्हणजे समुद्रावरून आपणच जगाला देत गेलो असं नाही. आपल्या किनाऱ्यालाही कोणी आलं, थांबलं, होडी कशी स्थिर ठेवायची ते दाखवून गेलं. हे मान्य करण्यात कमीपणा कसला? उलांडी आमची आहे आणि ती कोणाकडून तरी आली आहे, ही दोन्ही वाक्यं मला सारखीच प्रिय आहेत.

2025मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं कौंडिण्य हे जहाज म्हणून मला मनापासून आवडलं. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून त्याचा आकार बेतला, गोव्यात ते बांधलं, फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याने शिवल्या. डिसेंबरच्या अखेरीस ते शिडांवर पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. दावा करायचा तर तो पाण्यात उतरवून. होकुलेआचा मार्ग हाच होता.

पण जहाज पुन्हा बांधता येतं, माणूस नाही. हवाईच्या लोकांना नाव बांधता आली, वाटाड्या मात्र सातावालहून आणावा लागला, कारण त्यांच्याकडचा शेवटचा जाणकार केव्हाच गेला होता. माऊनेही ही विद्या कुळाबाहेर देऊ नये अशी रीत मोडली, त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण शिकवलं. 2007 साली सातावालवर त्याने हवाईच्या पाच जणांना पारंपरिक दीक्षा दिली. 2010मध्ये तो वारला.

माझे चुलत आजोबा शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणं हे तर आमच्याकडे पोरालाही येतं. ते त्याच्या फार पुढचं सांगत. पहाटेची मतलई कधी पडणार, पाण्याच्या रंगावरून खाली वाळू आहे की खडक, कोणता ढग नुसता गरजेल. मी कॉलेजात इतिहास शिकत होतो आणि सुट्टीत त्यांच्या ओट्यावर बसत होतो, पण वही घेऊन कधी बसलो नाही. त्यांच्याकडे जे होतं तो इतिहास आहे, हे मला शिकवलं गेलं नव्हतं. आज जीपीएस आहे, हवामानाचे इशारे आहेत, आणि ते हवेतच, त्यांनी जीव वाचतात. पण ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातले जे तांडेल वेसाव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत अजून आहेत, त्यांच्याकडून वाऱ्यांची नावं, खुणेचे डोंगर, ताऱ्यांची माळ लिहून घ्यायला कोणत्याही मोठ्या निधीची वाट बघायला नको. किनाऱ्यावरच्या प्रत्येक कॉलेजात इतिहासाचा आणि भूगोलाचा विभाग आहे. दोन मुलं आणि एक ध्वनिमुद्रक एवढं पुरतं. विद्यापीठांनी त्याला प्रकल्प म्हणून गुण द्यावेत, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी तांडेलाच्या तोंडचं वाक्य पुरावा म्हणून मानावं.

होकुलेआ या नावाचा अर्थ आनंदाचा तारा. आपण त्याला स्वाती म्हणतो. हवाईवर तो थेट डोक्यावरून जातो, म्हणून दक्षिणेकडून घरी परतणाऱ्यांची ती खूण. मुंबई आणि हवाईचं सर्वांत मोठं बेट साधारण एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे स्वाती आपल्याही माथ्यावरूनच जाते. मेच्या अखेरीस, मासेमारी बंद व्हायच्या आधी होड्या वर ओढायची घाई चाललेली असते तेव्हा, रात्री साडेदहा-अकराला वसईपासून मुरूडपर्यंतच्या कोणत्याही बंदरावर उभं राहून मान पूर्ण मागे टाकावी. नारिंगी झाक असलेला तो ठळक तारा. होडीजवळ एखादे म्हातारे तांडेल बसलेले असतील, तर त्यांना विचारावं की याला तुम्ही काय म्हणता, आणि ते काय सांगतात ते लिहून घ्यावं.